आसने ४४, उभे प्रवासी ११: हा आकडा ठरवतं कोण आणि पाळायचा कसा?

पहाटपाळी

मंडळी, नमस्कार. मी एका रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. राहते तालुक्याच्या गावी, नोकरी शहरात, मधे ५५ किलोमीटर. सकाळची पहिली गाडी पकडते. चालकाच्या मागच्या पत्र्यावर रंगवलेलं असतं, आसने ४४, उभे प्रवासी ११. तिसऱ्या थांब्यालाच गाडी भरते. पुढचे पाच-सहा थांबे फक्त "मागे सरका, मागे सरका" एवढंच ऐकू येतं.

परवा एक गरोदर बाई मधल्या थांब्यावर चढली. तिला पाहून खिडकीतला एक मुलगा लगेच उठायला निघाला. पण उठून तो उभा कुठे राहणार? त्याच्या आसनाला लागून तिघं जण एकाच दांड्याला धरून होते. त्याला उठून बाजूला होता येईना, हिला आत शिरता येईना. शेवटी एका आजींनी पिशवी मांडीवर घेतली, दोघं तिरके झाले आणि मग तिला कसंबसं बसता आलं. यात दोन थांबे गेले. सगळी माणसं चांगली होती, वाहकही चांगला होता. जागाच नव्हती.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे ११ येतात कुठून? शहरातल्या वीस मिनिटांच्या फेरीला आणि दीड तासाच्या हमरस्त्यावरच्या प्रवासाला एकच मोजमाप कसं चालतं? आणि बारावा माणूस थांब्यावर उभा असेल तर वाहकाने करायचं तरी काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं. तक्रार करून मोकळं होण्यासाठी हा धागा काढलेला नाही, काहीतरी हाती लागावं अशी इच्छा आहे.

कोर्टफी

ताई, कायद्यापुरतं सांगतो.

गाडीत किती माणसं न्यायची हे दोन कागदांवर ठरतं, नोंदणी प्रमाणपत्र आणि परवाना. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७२ मध्ये टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत थांबून प्रवासी चढवत-उतरवत जाणाऱ्या बसचा, परवाना देताना कोणत्या अटी घालता येतात ते दिलंय. त्यात प्रवाशांची कमाल संख्या आहेच, पण ती सरसकट ठरवता येते किंवा विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट वेळी, विशिष्ट हंगामात वेगळी ठरवता येते असंही म्हटलंय. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आधीच आहे. सगळीकडे एकच आकडा हवा असा कायद्याचा आग्रह नाही.

दंडाचं कलम १९४-अ. २०१९ च्या दुरुस्तीने आलं, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. परवानगीपेक्षा जास्त प्रवासी असतील तर प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये. लोक एवढंच वाचतात. त्याच कलमाची दोन अंगं महत्त्वाची आहेत. एक, गाडी चालवणाऱ्याइतकाच ती तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही जबाबदार आहे. दोन, जादा प्रवाशांना उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत गाडी पुढे सोडायची नाही. नुसतं उतरवून देणं पुरेसं नाही, सोय करायची आहे. कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं की रस्त्यात उतरवलेल्या माणसाचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त गाडीबाहेर जातो.

शिवाय कलम १२३. पायरीवर, टपावर, बॉनेटवर माणूस न्यायचा नाही आणि माणसानेही तसा प्रवास करायचा नाही. हे उभ्यांच्या संख्येपेक्षा वेगळं आहे. दहाच उभे असले आणि त्यातला एक पायरीवर असला तरी ते चुकीचंच.

पाटेस्प्रिंग

बसच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. ११ हा आकडा नुसत्या जागेवरून का येत नाही आणि मर्यादा का लागते, ते लिहितो.

लोकांना वाटतं जागा मोजून आकडा काढतात. तसं असतं तर तो बराच मोठा निघाला असता. मधली वाट साधारण ८ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद धरा, ४ चौरस मीटर झाले. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १०७ प्रमाणे शहरी बसमध्ये उभ्या माणसाला ०.१२५ चौरस मीटर लागतात, गावोगावी जाणाऱ्या बसमध्ये ०.१५. म्हणजे पहिल्या हिशेबाने ३२ माणसं उभी राहतील, दुसऱ्याने २६. आणि ज्या बस फक्त बसून जाण्यासाठी बांधलेल्या असतात त्यांत एकही नाही. तेव्हा फक्त जागेचं मोजमाप इथे उपयोगाचं नाही.

आपल्याकडे बसच्या सांगाड्याचं मानक आहे एआयएस-०५२, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-क खाली ते लागू होतं. त्यात बसचे चार प्रकार आहेत. पहिला शहर-उपनगरासाठी, यात उभ्यांसाठी जागा आखलेली असते. दुसरा गावोगावी जाणारा, यात उभ्यांसाठी वेगळी जागा आखलेली नसते. तिसरा लांब पल्ल्याचा, बसणाऱ्यांच्या आरामासाठी. चौथा शाळेच्या, शयनयान वगैरे खास बस. ताई ज्या गाडीने जातात ती बांधणीने दुसऱ्या प्रकारची आणि वापराने पहिल्या प्रकारची आहे. सगळी गोम इथेच आहे. वरून धरायला पट्टे कमी, दांड्या आसनांच्या पाठीला, दार एकच, वाट अरुंद. उभ्या माणसासाठी ती बांधलेलीच नाही.

आता वजन. हिशेबात माणूस साधारण ६८ किलोचा धरतात. ४४ जणांचे २,९९२ किलो. ११ उभे धरले की ३,७४०. आणि ८० माणसं असली तर ५,४४०. म्हणजे पत्र्यावरच्या ५५ माणसांच्या हिशेबापेक्षा १,७०० किलो जास्त, पिशव्या आणि डबे सोडून. पाटे दबतात, टायर तापतात, उतारावर ब्रेक तापतो. पण वजनापेक्षा मला जास्त भीती वाटते ती वजन कुठे आहे याची. आपल्याकडे दार डावीकडे, उतरायच्या घाईने माणसं डावीकडे आणि पुढे गोळा होतात. रस्त्याचा उतारही बहुतेक ठिकाणी डावीकडेच असतो, पाणी जाण्यासाठी. उभ्या माणसाचं वजन बसलेल्यापेक्षा वर असतं. घाटात उजवं वळण आलं की ही सगळी माणसं एकदम डावीकडे झुकतात. चालकाला स्टिअरिंगवर ते कळतं, पण कळेपर्यंत वळण अर्धं झालेलं असतं.

आणि ब्रेक. ताशी ६० ला चालकाने जोरात ब्रेक दाबला, दर सेकंदाला ५ मीटरने वेग कमी झाला असं धरा. ६० किलोच्या माणसाला दांडा धरून जागेवर राहायला ३० किलो वजन हाताने ओढून धरल्याइतका जोर लागतो, तोही अवचित. दुसऱ्या हातात डबा, खांद्यावर बॅग. तरुण माणूस सावरेल. पासष्ट वर्षांची बाई कशी सावरणार?

माणदेशी

पाटेस्प्रिंग काका, वाचून अंगावर काटा आला. पण दुसरी बाजू मांडते.

मी खेड्यातल्या शाळेत शिकवते. आमच्या फाट्यावर सकाळी एक गाडी येते, त्यानंतरची दोन तासांनी. तिने नेलं नाही तर आम्ही घरी परत जात नाही. वडाप येतं. आठ-नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा-पंधरा, मागच्या दारात दोघं लोंबकळत, चालकाच्या उजव्या हाताला एक. ते पाहून मला उभं राहायला का होईना, बस हवी असते. बसचा चालक प्रशिक्षण घेतलेला असतो, त्याच्या ड्यूटीला तास असतात, गाडीची तपासणी होते.

म्हणून "११ म्हणजे ११, बारावा खाली" असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, तो बारावा माणूस गेला कशाने ते तुम्ही मोजणार का? बसमधला धोका कमी केला आणि तोच माणूस जीपच्या मागच्या दारात लटकला, तर कुणाचा जीव वाचला?

बायकांचं म्हणाल तर, १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट झालं आणि आमच्या भागातल्या कितीतरी जणी पहिल्यांदा एकट्या तालुक्याला जायला लागल्या. दवाखाना, बँक, माहेर. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. गर्दी वाढली, खरंय. पण ही माणसं आधीही होती, फक्त घरी बसलेली होती. गर्दीचं खापर सवलतीवर फोडणारे लोक भेटले की फार वाईट वाटतं. माणसं बाहेर पडावीत म्हणूनच सवलत दिली, तेव्हा त्या हिशेबाने गाड्याही वाढायला हव्या होत्या.

डबलबेल

मी वाहक आहे. आगार कुठलं ते लिहीत नाही.

बाराव्या माणसाचं काय करायचं हे ताईंनी विचारलंय. सांगतो. गाडी थांब्याला लागते तेव्हा मी बहुतेक वेळा मागे असतो, तिकिटं फाडत. दारात कोण, किती चढले, मला दिसत नाही. घंटी द्यायच्या आधी पुढून कुणीतरी ओरडतं "झालं, चला". उभ्यांतून पुढून मागे जायला मला एक टप्पा लागतो. टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. तोवर पुढचा थांबा आलेला असतो. मार्गतपासणी पथक चढलं तर पहिला प्रश्न असा की विनातिकीट किती. गर्दीत तिकीट राहिलं तर जबाबदारी माझी. जादा माणसं घेतली तर जबाबदारी माझी. नाही घेतली तर तक्रार माझ्यावर. आणि थांब्यावर सोडलेली माणसं उद्याही त्याच थांब्यावर भेटणार असतात. त्यांची नावं मला माहीत असतात, कुणाचं पोर कितवीत आहे तेही माहीत असतं.

माणदेशी ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. मी सोडलेला माणूस जीपमध्ये जातो हे मला आरशात दिसतं.

मर्यादा पाळता येत नाही असं मात्र म्हणू नका. २०२० च्या मे महिन्यात जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी निम्म्या आसनांवर सुरू झाली तेव्हा ४४ च्या गाडीत २२ असा नियम होता आणि तो पाळला गेला. तेव्हा प्रवासीच कमी होते, हे खरं. पण आणखी एक गोष्ट होती. वरून स्पष्ट सांगितलं होतं, लोकांना माहीत होतं आणि दारात उभा राहून मी नाही म्हटलं तर माझ्या पाठीशी कोणीतरी होतं. आज पत्र्यावर आकडा आहे, पण गाडी भरली तर पुढे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही.

नेकारतीर

श्टुटगार्टजवळ राहतो, मूळचा साताऱ्याचा. इथला एक नियम सांगावासा वाटतो, कारण पहाटपाळी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाशी तो थेट जुळतो.

जर्मनीच्या वाहतूक नियमांत बसमध्ये एकही प्रवासी आसनाअभावी उभा असेल तर गावाबाहेर त्या बसला ताशी ६० च्या वर जाता येत नाही. महामार्गावरही ६०. सगळे बसलेले असतील तर ८०, आणि ठराविक अटी पूर्ण करणाऱ्या बसला महामार्गावर १००. म्हणजे उभ्यांना बंदी नाही. तुम्ही माणसं उभी नेता, तर वेग सोडा, असा सरळ व्यवहार आहे.

याचा परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसं उभी नेणं कंपनीला महाग पडतं, कारण फेरीला वेळ जास्त लागतो, वेळापत्रक कोलमडतं. मग जिथे रोज माणसं उभी राहतात तिथे दुसरी गाडी टाकणं किंवा मोठी, जोडबस टाकणं परवडायला लागतं. आपल्याकडे उभी माणसं नेण्याचा सगळा खर्च उभा राहणाराच सोसतो, पायांनी आणि पाठीने. गाडी चालवणाऱ्या संस्थेच्या हिशेबात तो कुठेही उतरत नाही.

हडसनकाठ

नेकारतीर, छान माहिती. न्यू जर्सीतून लिहितेय. इथे मराठी माणूस भरपूर आणि त्यातले बरेच जण रोज न्यूयॉर्कला बसने जातात. मोठ्या कोच गाड्या, ४५ फूट लांब, पन्नासच्या पुढे आसनं, लिंकन बोगद्याकडे जाताना सकाळी बसपुरती वेगळी मार्गिका. ती १९७० पासून आहे आणि अजूनही त्याच मार्गिकेने सकाळी हजारो माणसं पोचतात.

या कोचमध्येही माणसं उभी राहतात, विशेषतः आधीची गाडी चुकली की. केंद्रीय नियम असा की चालकाच्या आसनामागे जमिनीवर किमान २ इंच रुंदीची वेगळ्या रंगाची रेघ हवी आणि त्या रेघेच्या पुढे कुणी उभं असेल तर चालकाने गाडी हलवायचीच नाही. हे मी अगदी काटेकोर पाळलेलं पाहिलंय. चालक वळून सांगतो, "रेघेच्या मागे", आणि गाडी जागची हलत नाही. कुणी वाद घालत नाही, कारण रेघ सगळ्यांना दिसते. चालकाच्या डाव्या-उजव्या आरशासमोर माणूस नको, एवढाच तिचा हेतू.

पण इथली एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरपासून नव्या कोच गाड्यांत प्रत्येक आसनाला खांद्यावरून येणारा पट्टा सक्तीचा झाला. बसलेल्याला पट्टा हवा इतका धोका मान्य केला, आणि त्याच गाडीत मधल्या वाटेतला माणूस हाताने आसनाची पाठ धरून उभा. एकाच गाडीत दोन प्रवाशांच्या जिवाला दोन वेगळी मापं. आपल्याकडेही हेच होणार, म्हणून आत्ताच बोललं पाहिजे.

द्रुतगती

पुणे-मुंबई नेहमीचा. सरकारी गाड्यांवरच चर्चा चाललीय, खासगी गाड्यांचं कुणी बोलेना.

कंत्राटी परवान्याच्या बसला रस्त्यात थांबून किरकोळ प्रवासी घ्यायचा अधिकारच नसतो, उभा तर लांबच. पण सणाच्या आदल्या दिवशी मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुलं टाकतात, चालकाच्या केबिनमध्ये चार-पाच जणांना बसवतात. मी एकदा त्या स्टुलावर बसून आलोय. ब्रेक लागला की स्टूल सरकतं आणि पुढच्याच्या पाठीवर आपण. संकटकाळी बाहेर पडायची वाटच आपण अडवून बसलोय हे तेव्हा डोक्यात आलं आणि उतरेपर्यंत गेलं नाही.

८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये पहाटे खासगी बसला आग लागून १२ जण गेले. त्या गाडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आगीत प्रत्येक सेकंद वाटेवर अवलंबून असतो. जादा माणूस म्हणजे नुसतं ६८ किलो नव्हे, तो दाराच्या आणि माझ्या मधे उभा असलेला माणूस आहे, आणि मी त्याच्यासाठी तसाच.

पाटेस्प्रिंग

द्रुतगती, तुम्ही बोललात म्हणून मीही लिहितो.

११ सप्टेंबर २०१८, तेलंगणात जगित्याल जिल्ह्यातला कोंडगट्टू घाट. राज्य परिवहनाची बस. गाडीत शंभराच्या आसपास माणसं होती, क्षमतेच्या जवळपास दुप्पट. उतारावर गाडी दरीत गेली, साठीच्या घरात माणसं दगावली. त्यात पोरंबाळं होती, देवदर्शनाला गेलेल्या बाया होत्या. त्याच वर्षी १ जुलैला उत्तराखंडात धुमाकोटजवळ २८ आसनांच्या बसमध्ये साठजण, ४८ मृत्यू. १६ फेब्रुवारी २०२१ ला मध्य प्रदेशात सिधीला बस कालव्यात गेली, पन्नासवर माणसं बुडाली, तिथेही आसनं बत्तीस आणि माणसं जवळपास दुप्पट.

प्रत्येक ठिकाणी कारण एकच नव्हतं. रस्ता, ब्रेक, चालक, काहीही असेल. पण अपघात एकदा झाला की किती माणसं जाणार हे आत किती कोंबलेत त्यावर ठरतं. कोंडगट्टूला बरेच जण एकमेकांखाली चेंगरून, गुदमरून गेले असं तेव्हा छापून आलं होतं.

माणदेशी ताईंचं म्हणणं मी खोडत नाही. जीपपेक्षा बस बरीच. पण "जीपपेक्षा बरी" हे माप लावून आपण ऐंशी माणसांना हो म्हणत गेलो तर शंभरालाही म्हणू.

कॉलेजकट्टा

पासवाल्यांबद्दल पण लिहा कुणीतरी. आम्हाला ६६.६७ टक्के सवलत, मुलींना बारावीपर्यंत मोफत. त्यामुळे गर्दी झाली की पहिली नजर आमच्याकडे जाते, "पासवाले मागच्या गाडीने या". मागची गाडी आमचं पहिलं लेक्चर संपल्यावर येते. पायरीवर लटकणारे सगळेच मस्तीने लटकत नाहीत. आमच्यातल्या अर्ध्या मुलांना आत शिरायला मिळालं तर ती आनंदाने शिरतील.

एक करता येण्यासारखं सांगतो. पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवली तर एका माणसाची जागा होते. आमच्या ग्रुपने ठरवून सुरू केलंय, आणि दाराजवळची कोंडी खरंच कमी होते.

पहाटपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वाचून मी कागद-पेन घेऊन बसले. गर्दी सगळ्यांना दिसते, मग जादा गाडी का येत नाही? मला जे सापडलं ते मांडते, डबलबेल दादांनी तपासावं.

आगारात गाडी किती भरली हे भारमानावर बघतात. ६० किलोमीटरचा मार्ग धरा, ६ किलोमीटरचे १० टप्पे, आसनं ४४. सकाळच्या फेरीत पहिले ३ टप्पे २० माणसं, पुढचे ५ टप्पे ८० माणसं, शेवटचे २ टप्पे ३० माणसं. बेरीज ६० अधिक ४०० अधिक ६०, म्हणजे ५२०. आसनांच्या हिशेबाने भरून गेली असती तर ४४०. भारमान ११८ टक्के. आता तीच गाडी परत फिरते तेव्हा कुणी नसतं, सरासरी १५ माणसं. १५० भागिले ४४०, ३४ टक्के. जाऊन-येऊन दोन्ही फेऱ्या एकत्र धरल्या तर ६७० भागिले ८८०, ७६ टक्के.

कागदावर ७६ टक्के. बघणाऱ्याला वाटेल, गाडी छान चाललीय, अजून जागा आहे. ज्या ५ टप्प्यांत ३० किलोमीटर ३६ माणसं उभी होती ती या आकड्यात कुठेच दिसत नाहीत. बरं, जादा गाडी टाकली की भारमान ७६ वरून खाली येणार आणि अधिकाऱ्याला विचारणा होणार. त्याचंही चुकत नाही, त्याच्यासमोर आकडाच तो आहे.

म्हणून मला वाटतं मागणी "गर्दी कमी करा" अशी नको. टप्पावार आकडा मागू या. कोणत्या फेरीत, कोणत्या टप्प्यात, किती माणसं उभी, किती किलोमीटर. तिकिटाच्या मशीनमध्ये प्रत्येक तिकिटावर कुठून-कुठे असतंच. म्हणजे ही माहिती रोज तयार होतेय, फक्त त्या अंगाने कुणी बेरीज करत नाही.

डबलबेल

ताई, हिशेब बरोबर आहे. चौकात बसून आम्ही वाहक हेच बोलतो, पण असं मांडून कुणी दाखवलं नव्हतं.

दोन गोष्टी जोडतो. पहिली, मशीनमध्ये सवलतीचं तिकीट येतं, मोफतवाल्यांचंही शून्य रकमेचं निघतं. पण आमच्याकडे महिन्याचा पास असलेल्या पोरांची दर फेरीला नोंद होत नाही, पास बघतो आणि पुढे जातो. सकाळच्या गाडीत तीच निम्मी असतात. म्हणजे मशीन सांगेल त्याहून खरी गर्दी मोठी असणार. जून-जुलैत कॉलेज सुरू झालं की हा फरक सगळ्यात जास्त.

दुसरी, पूर्ण मार्गावर जादा गाडीची गरजच नसते. गर्दी ज्या पाच टप्प्यांत आहे तेवढ्यात एक शटल, पहिल्या गाडीच्या दहा मिनिटं आधी. ३० किलोमीटर जाऊन-येऊन. त्यासाठी नवी गाडी लागेलच असं नाही. मुक्कामी गाड्या सकाळी आगारात येऊन पुढच्या फेरीची वाट बघत उभ्या असतात, त्यातली एक काढता येते. चालक-वाहकाचे तास बसवावे लागतील, ते वाहतूक नियंत्रकाला जमतं. मात्र त्याच्या हातात कागद हवा.

माणदेशी

शटलची कल्पना एकदम पटली. आमच्या फाट्याला ती आली तर वडाप आपोआप कमी होईल. आणि मग ११ चा आग्रह धरायला माझीही हरकत नाही, कारण बाराव्याला मागे दहा मिनिटांत गाडी आहे हे माहीत असेल. आधी मागची गाडी, मग मर्यादा, हा क्रम पाळला पाहिजे.

नेकारतीर

क्रमाबद्दल सहमत. फक्त एक भर. घाटाच्या आणि हमरस्त्याच्या टप्प्यांवर वेगाची अट मागायला मागची गाडी येईपर्यंत थांबू नका. उभी माणसं असताना ६० च्या वर नाही, याला एक रुपयाही खर्च नाही आणि चालकाला वेळापत्रकात पाच-सात मिनिटं जास्त द्यावी लागतील, एवढंच. कोर्टफी यांनी कलम ७२ सांगितलंय, विशिष्ट वेळेसाठी वेगळ्या अटी त्यात बसतात. विशिष्ट टप्प्यांसाठी बसतात का, ते त्यांनी सांगावं.

कोर्टफी

प्रवासीसंख्येची अट वेळ आणि हंगाम यानुसार बदलता येते, तेवढं तर शब्दांतच आहे. वेग आणि टप्पे यासाठी परिवहन प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागेल, आणि तो आकड्यांशिवाय टिकणार नाही. म्हणून आधी माहिती.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज नमुना 'अ' मध्ये करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित आहे. जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, आपापल्या आगाराच्या किंवा विभागाच्या पत्त्यावर. मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं, त्यामुळे मजकूर साधारण असा ठेवा:

"अमुक मार्गावरील सकाळी ६ ते ९ या वेळेत सुटणाऱ्या सर्व फेऱ्यांची, मागील तीन महिन्यांची, इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्रातील टप्पावार प्रवासी संख्या. या फेऱ्यांसाठी वापरलेल्या वाहनांची नोंदणी प्रमाणपत्राप्रमाणे आसनक्षमता आणि अनुज्ञेय उभे प्रवासी. या मार्गावर चालू असलेल्या मासिक पासांची संख्या, पासावरील कुठून-कुठे या तपशिलासह. याच वेळेत आगारात उभ्या असलेल्या वाहनांची फेरीनिहाय यादी."

"गर्दी का होते", "उपाय काय केले" असले प्रश्न घालू नका, माहिती अधिकारात मत मागता येत नाही आणि तेवढ्यावर अर्ज फेटाळतात. कुणा प्रवाशाचं नाव, पासधारकाचा फोटो किंवा क्रमांक मागू नका, तेही अडेल. चौथी मागणी डबलबेल यांच्या मुक्कामी गाड्यांसाठी आहे.

पहाटपाळी

मजकूर उतरवून घेतला, सोमवारी अर्ज देते. माणदेशी ताई, तुमच्या फाट्याचा मार्ग वेगळ्या आगारात येतो, तुम्हीही द्याल का? दोन मार्गांचे आकडे शेजारी ठेवता आले तर शटलची मागणी एका गावाची राहणार नाही. कॉलेजकट्टा, तुमच्या ग्रुपने आठवडाभर सकाळच्या गाडीत कोणत्या थांब्याला किती जण उभे आहेत एवढं लिहून ठेवलं, तर पासवाल्यांचा जो आकडा मशीनमध्ये नाही तो आपल्याकडे असेल.

कॉलेजकट्टा

लिहितो. प्रत्येक थांब्याला एक जण पुढून मोजेल, एक मागून. सोमवारपासूनच सुरू करतो, म्हणजे तुमच्या अर्जाची आणि आमची तारीख जुळेल.

माणदेशी

मीही देते. फाट्यावर वडापमध्ये किती जण गेले तेही आमच्या शाळेतले शिपाईदादा टिपून ठेवतील, त्यांचं घर फाट्यालाच आहे.